गणपत गल्ली, खडेबाजार संपत आलाय का? मामांच्या दुकानाचं काय करावं?

खडेबाजारचा_भाचा
मंडळी, प्रश्न घरचा आहे पण उत्तर गावाकडून पाहिजे म्हणून इथं टाकतोय. मामांचं बेळगावात खडेबाजारात कापडाचं दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. खण, नऊवारी, इरकली, धोतरं, पंचे, टॉवेल-टोपी असला माल. रेडिमेड कधी ठेवलं नाही. मामांचे गुडघे गेलेत, मुलगा बेंगळूरला आयटीत, तो काही परत येणार नाही. आता एक मोबाईल कव्हर-चार्जरवाला मागं लागलाय, डिपॉझिट चांगलं देतोय आणि भाडं मामांच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. मामी म्हणते देऊन टाका. मामा म्हणतात बाजार अजून आहे, गिऱ्हाईक येतं. सध्या मी सकाळचा जाऊन बसतो तिथं. गणपत गल्लीतून मारुती गल्लीकडं चालत गेलं की बंद शटरं दिसतात, आणि उघड्यातली बरीचशी मोबाईलची नाहीतर "कुठलीही वस्तू शंभर रुपये" वाली. बाजार खरंच संपलाय का? तुम्ही स्वतः शेवटचं कधी गेला होता आणि काय घेतलं तेही सांगा. उगीच जुनं ते सोनं नको.

टिळकवाडी_८२
देऊन टाका, विचार कसला करताय. मी शेवटचा दिवाळीत गेलो होतो, आकाशकंदील आणि किल्ल्यावर ठेवायला मावळे घ्यायला, ते पण पोरगं हटून बसलं म्हणून. गाडी लावायला जागा नाही, वन-वे कुठला कुठं जातो कळत नाही, आणि फूटपाथ केलेत त्यावर दुकानदारांनी साड्या नेसवलेल्या बाहुल्या उभ्या केल्यात. माणसानं चालायचं रस्त्यावर. इकडं काँग्रेस रोड, आरपीडी क्रॉसला सगळं मिळतं, उरलेलं मोबाईलवर. गावात जायचं कारणच उरलं नाही.

भेंडीबाजार
शंभर रुपयेवाल्या दुकानात शेवटचं काय घेतलं विचारू नका, घरी येईपर्यंत तुटलं.

चंदगडी
टिळकवाडी, तुमच्यासाठी नसल बाजार. आमच्यासाठी हाय. आमचा जिल्हा कोल्हापूर, पण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव चाळीसच्या आसपास. दवाखाना बेळगाव, पोरांचं कॉलेज बेळगाव, सोनं बेळगाव, बियाणं बेळगाव. शनिवारी येऊन बगा एकदा, गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसती.

आन बस्त्याचं तर विचारूच नका. यंदा पुतणीचा बस्ता बांधला. दोन्हीकडची मिळून अख्खी जीप भरून माणसं. गादीवर बसायचं, पहिला चहा, मग नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या, मग आहेराच्या. आहेराच्या ढिगाला कोण हातबी लावत नाही, नुसतं "यातल्या पंचवीस" म्हणायचं आन मालक रंग बदलून बदलून बाजूला टाकत जातो. थोरल्या आत्याची साडी हलकी काढली की तिचं तोंड बगून मालकच म्हणतो, "आत्याबाईंना ही नको, वरची काढ रे." त्याला कुणी सांगितलं नव्हतं ती कोण लागती. शेवटी बिलाला बसलं की आमचे म्हातारे त्यातनं दोन टॉवेल-टोपी आन एक खण फुकट काढणारच, आन मालकानंबी ते आधीच दरात धरलेलं असतंय. हे मोबाईलवर कसं करायचं सांगा मला. नवऱ्याच्या मामाला नेटवरनं रुसवायचं का काय?

भेंडीबाजार
"रुसवा" चं पण ॲप येईल. फ्री डिलिव्हरी.

टिळकवाडी_८२
चंदगडी, मुद्दा मान्य, पण लग्नं वर्षातून किती? दुकानाला रोजचं गिऱ्हाईक लागतं.

चंदगडी
एका गावात कमी असतील, पण तालुक्यात गावं किती हायत मोजलासा का? चंदगड झालं, खानापूर झालं, हुक्केरी, बैलहोंगल. तुमच्या टिळकवाडीत लग्न झालं की हॉलवाला कपड्यासकट पॅकेज देतो म्हणं.

कॅम्पातली
आमच्याकडे तर कॅम्पात चक्क हाय स्ट्रीट नावाचाच रस्ता आहे, इंग्रजांच्या वेळचा. त्याचंही कुणीतरी धागा काढून दुःख करा की. माझ्या लहानपणी कॅम्पात जायचं म्हणजे ग्लोबला पिक्चर आणि येताना बेकरी. आता थिएटरांचं ते दिवस गेले, पण रिक्रूट पोरं आहेत तोवर काही दुकानं मरणार नाहीत. मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीचं लष्करी प्रशिक्षण केंद्र) पोरांना सुट्टी मिळाली की ट्रंक, कुलूप, बनियन, बूट पॉलिश, सुईदोरा. युनिफॉर्म शिवणाऱ्या टेलरला कुठलं ॲप हरवणार? मापात अर्धा इंच फरक पडला तर उस्ताद पोराला मैदानाला फेऱ्या मारायला लावतो.

बाजाराला बाजार म्हणून कुणी वाचवत नाही. एखादी गोष्ट तिथंच मिळते म्हणून माणसं येतात, एवढंच आहे.

लेस्टरकर
मूळचा शहापूरचा, कचेरी गल्ली. गेली बरीच वर्षं इंग्लंडात लेस्टरला. हाय स्ट्रीटचं नाव निघालं म्हणून लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

इथं प्रत्येक गावाला हाय स्ट्रीट असतो, आपल्या मेनरोडसारखा, आणि त्याचं रडगाणं इथल्या पेपरांत रोज. वूलवर्थ्स नावाची दुकानं होती, गोळ्या-चॉकलेटपासून बादलीपर्यंत सगळं मिळायचं. २००९ च्या जानेवारीपर्यंत ८०० च्या वर दुकानं, सगळीच्या सगळी बंद. मग २०१६ ला बीएचएस, २०२१ ला डेबेनहॅम्स. चार-पाच मजल्यांची दुकानं ही, गावाच्या मधोमध. बंद पडली की शेजारच्या कॉफीवाल्याचं, चांभाराचं, सगळ्यांचंच गिऱ्हाईक गेलं. लोक सगळं खापर ऑनलाईनवर फोडतात पण सुरुवात त्याच्या किती आधीची. गावाबाहेर फुकट पार्किंगवाले रिटेल पार्क झाले, आमच्या लेस्टरबाहेरचा फॉस पार्क १९८९ चा आहे, शेफील्डचा मेडोहॉल मॉल १९९० चा. तेव्हा इंटरनेट कुणाच्या घरी होतं? सरकारला १९९६ मध्ये जाग आली, म्हणाले आधी गावात जागा बघा मग बाहेर परवानगी. तोवर व्हायचं ते झालं होतं.

आता गंमत बघा. ह्याच लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोड आहे, गोल्डन माईल म्हणतात. साड्या, सोनं, मिठाई, फरसाण. आफ्रिकेतून आलेल्या गुजराती लोकांनी वसवलेला. दिवाळीला तिथं गणपत गल्लीपेक्षा जास्त गर्दी असते आणि इंग्लंडभरातून लोक बस्ता बांधायला येतात, चंदगडींनी लिहिलंय अगदी तसंच, आत्याबाईंसकट. म्हणजे एकाच गावात मधला हाय स्ट्रीट धापा टाकतोय आणि मैलभरावरचा साड्यांचा रस्ता जोरात.

दुसरं एक. इथं दुकानावर बिझनेस रेट्स नावाचा कर असतो, जागेचं भाडं किती येईल त्या अंदाजावर, आणि तो भाडेकरू भरतो. दुकान रिकामं झालं की साधारण तीन महिने सूट, मग मालकाच्या बोडक्यावर. म्हणून बंद दुकान मालकाला बोचतं. तरीही रिकामी असतात म्हणजे किती वाईट परिस्थिती असेल बघा. आपल्याकडं बंद शटर मालकाला कितीसं बोचतं हे मला कुणीतरी सांगा.

रविवारपेठ
लेस्टरकर, मी सांगतो, माझं अख्खं आयुष्य त्यात गेलंय. आपल्याकडं बंद शटर बोचत नाही. वर्षाची घरपट्टी भरली की झालं. भाच्यानं बंद शटरं मोजून बाजार संपला म्हटलंय ना, तिथंच गडबड आहे. त्या प्रत्येक शटरमागं कोण आहे ते विचारा. आमच्या गल्लीत एक मोठं किराण्याचं दुकान कित्येक वर्षं बंद आहे, गल्लीतला सगळ्यात मोक्याचा कोपरा. धंदा बुडाला म्हणून नाही हो. थोरला गेला, तिघं भाऊ आणि दोन बहिणी, वाटणीचा दावा कोर्टात. कुलूप लावलं तेव्हा आत गुळाच्या ढेपा होत्या, पहिल्या उन्हाळ्यात शटरखालून काकवी रस्त्यावर आली, मुंग्यांची रांग पार समोरच्या बोळापर्यंत. गिऱ्हाईक अजून येऊन विचारतं, "शेठ कुठं गेले?" भाड्यानं द्यायचं म्हटलं तर सही कोण करणार?

दुसऱ्या तऱ्हेचं शटर म्हणजे जुनी पागडीची कुळं. भाडं इतकं कमी की सोडायला परवडत नाही. म्हातारा रोज अकराला शटर अर्धं वर करतो, पेपर वाचतो, एकला खाली. त्याला धंदा करायचाच नाही, ताबा ठेवायचाय. मालकही वाट बघतोय म्हातारा कधी जातो याची. यात ॲमेझॉनचा काय संबंध?

होलसेलचं मात्र खरंच बदललं. पूर्वी खेड्यातला दुकानदार पहाटेच्या एसटीनं यायचा, यादी टाकायचा, जेवायचा, दुपारच्या गाडीनं पोती घेऊन जायचा. त्याच्या एका फेरीत पाच-सहा गल्ल्यांचा धंदा व्हायचा, जेवणाची खानावळ, चपलेचं दुकान, पोराला चड्डी, बायकोला बांगड्या. आता कंपनीचा टेम्पो त्याच्या दारात जातो, ऑर्डर मोबाईलवर. तो येईनासा झाला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण शनिवारी गर्दी दिसतेच.

टिळकवाडी_८२
रविवारपेठ काका, हे पटलं. शटरांचं असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

शटरवर_पेंटिंग
काकवीचं वाचून गुळपोळी खावीशी वाटली. बाकी चालू द्या.

निपाणीची_सून
माहेर बेळगाव, सासर निपाणी. निपाणीत उलट झालं असं सासरे सांगतात. पूर्वी पुणे-बेंगळूर रस्ता गावातनंच जायचा, म्हणूनच त्याला अजून जुना पी. बी. रोड म्हणतात. ट्रकवाले थांबायचे, एसटी थांबायच्या, हॉटेलं रात्रभर चालू. त्याच रस्त्यावर १९८१ ला शरद जोशींच्या मागं तंबाखूवाले शेतकरी ठाण मांडून बसले होते, सासरेही त्यात होते, अजून सांगताना आवाज चढतो. आता हायवे गावाला वळसा घालून जातो, कोल्हापूर तासाभरात. मोठी खरेदी असली की लोक थेट कोल्हापूर.

पण खरा मार बसला तो तंबाखूचा. वखारी चालू होत्या तेव्हा बायकांचा पगार आठवड्याला हातात रोख पडायचा आणि बाजाराच्या दिवशी तो तिथल्या तिथं खर्च व्हायचा. बिडीवाल्या बायकांचंही तसंच. आता शेतकरी उसाकडं वळले, उसाचं बिल एकदम खात्यात येतं, ते पीककर्जात नाहीतर ट्रॅक्टरच्या हप्त्यात वळतं. पैसा कमी झाला असं नाही, तो गल्लीत फिरायचा बंद झाला. सासऱ्यांचं भांड्याचं दुकान होतं, त्यांचं म्हणणं आहे की बाई कमावती होती तेव्हा पातेलं विकलं जायचं, पैसा बाप्याच्या खात्यात गेला तसा मोबाईल विकला जायला लागला. सासरे आहेत, बोलतात.

भेंडीबाजार
सासऱ्यांना आयडी काढून द्या इथं.

साखळीहून
गोव्यातून. आम्ही चोर्ला घाटातून येतो, रस्ता कसा असेल देवाला माहीत असं म्हणतच निघतो. बेळगावची भाजी रोज पहाटे आमच्याकडे येते, आणि आम्ही लग्नाच्या खरेदीला तुमच्याकडे. पणजी-म्हापशाला दुकानं नाहीत असं नाही, पण एका गल्लीत इतकी ओळीनं नाहीत. दहा दुकानं चढून उतरायची, भाव पाडायचा, दुपारी जेवायचं, येताना कुंदा. बायकोला हा दिवस पाहिजे असतो, साडी निमित्त. दोन गोष्टी मात्र डोक्यात जातात. एक म्हणजे लघवीला जायची सोय. बायका सकाळी घरातून निघतात त्या पाणी न पिता, हे बरं दिसतं का? दुसरं गाडी. मागच्या खेपेला उचलून नेली, दंड भरून सोडवेपर्यंत संध्याकाळ, साडी राहिली ती राहिलीच.

कॅम्पातली
+१. स्वच्छतागृहाचं अगदी खरं. दुकानदार संघटना दिव्यांच्या माळा लावतात, कमानी उभारतात, पण निम्म्या गिऱ्हाईकाची ही अडचण कुणाच्या अजेंड्यावर नाही. ओळखीच्या दुकानात मालकीणबाई बसत असतील तरच मागच्या बाजूला सोय होते.

वडगावची_वहिनी
मी जरा दुसरी बाजू सांगते. आमच्या घरी दोन माग आहेत, वडगावात. पूर्वी माल व्यापाऱ्याकडं द्यायचा, तो म्हणेल तो दर, पैसे दोन-तीन महिन्यांनी, ते पण तुकड्या-तुकड्यानं. लॉकडाऊनमध्ये २०२० ला त्यानं माल घेणंच बंद केलं. घरात साड्यांची चळत पडून. माझ्या मुलीनं सहज व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, मागाच्या खटखटीचा व्हिडिओ पण टाकला, तर पुण्याहून, ठाण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. आता बऱ्याच बायका असं करतात. पैसे आधी, साडी नंतर. म्हणून बाजार बसला याचं वाईट वाटावं असं सगळे लिहितात तेव्हा मला प्रश्न पडतो, कुणाचा बाजार? आम्हाला त्या गादीवर कुणी बसवलं नव्हतं. मालाचा गठ्ठा घेऊन पायरीशी उभं राहायचं.

भाचेसाहेबांच्या मामांबद्दल नाही हं हे. ते कुठले मला माहीत नाही.

रविवारपेठ
वहिनी, बरोबर बोललात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी विणकरांच्या पैशावर धंदा केला, वापरायला बिनव्याजी मिळत होता म्हणून.

चंदगडी
वहिनी तुमचा नंबर इथं नको, निरोपात पाठवा. आमच्या घरात अजून एक लग्न हाय.

कायद्याचं_बोला
मूळ प्रश्नाकडं वळतो, कारण भाचा भाड्यानं द्यायला निघालाय आणि अजून कुणी त्याबद्दल बोललं नाही. मामा मालक आहेत की कूळ, ते आधी बघा. मालक असतील तर गाळ्याचं मोजमाप करा. कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा आहे, त्यात व्यापारी जागा १४ चौरस मीटरपर्यंतची असेल तर कायद्याचं संरक्षण लागू होतं, त्याहून मोठी असेल तर तो कायदा लागू नाही, तुमचा करार आणि साधा दिवाणी कायदा. १४ चौरस मीटर म्हणजे दीडशे चौरस फुटांच्या आसपास, खडेबाजारातले जुने गाळे बरेचसे त्याच मापाचे. म्हणजे छोट्या गाळ्यात भाडेकरू घातला आणि तो अडून बसला तर काढायला जास्त वेळ. करार वर्षाच्या वरचा असेल तर नोंदणी करावी लागते, म्हणून लोक ११ महिन्यांचा करतात आणि नंतर नूतनीकरण विसरतात. विसरू नका. डिपॉझिट रोखीत घेऊ नका. आणि मामेभाऊ, मावस-मामे जे कोण हिस्सेदार असतील त्यांच्याशी आत्ता बोला, नाहीतर रविवारपेठांची काकवी.

टिळकवाडी_८२
"काकवी" आता ह्या धाग्याचं चलन झालं.

पाटी_रंगवणारा
दुकान दुसऱ्याला दिलं तर बोर्ड पण बदलावा लागेल, आणि नवीन नियमाप्रमाणं ६० टक्के कन्नड. आमच्या वडिलांनी ह्या बाजारातले निम्मे बोर्ड रंगवलेत, मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही वळणं हातात. धंदा आमचा भाषेनं नाही, फ्लेक्सनं मारला. ह्यावरून आता कोण कोणाला

धागा_व्यवस्थापन
बोर्डाच्या भाषेवर आणि सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. कृपया तिकडे. पाटी_रंगवणारा यांचा पुढचा मजकूर काढला आहे, त्यात शिवी नव्हती पण पुढे काय होणार ते दिसत होतं.

भेंडीबाजार
व्यवस्थापनाला भविष्य दिसतं. मामांच्या दुकानाचं पण सांगा.

खडेबाजारचा_भाचा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काही गोष्टी स्पष्ट करतो. जागा मामांच्याच नावावर आहे, गाळा मोजला, १४ च्या जरासा आतच भरतोय. हे कळल्यावर मामींचा उत्साह निम्म्यावर आलाय. मोबाईलवाल्याला "बघू" म्हणून सांगितलंय.

दुसरं, चंदगडींनी शनिवारी बघा म्हटलं म्हणून शनिवारी दिवसभर बसलो. सकाळी कुणी नाही. अकरानंतर जे सुरू झालं ते चारपर्यंत. जवळजवळ सगळे बाहेरगावचे. धोतराची पानं, पंचे, देवाला घालायचा खण, मयताचं सामान. हो, ते पण आमच्याकडं मिळतं, पांढरं कापड मापानं फाडून. एक माणूस तेवढ्यासाठी आला होता, मामांनी भाव सांगितला नाही, कापड फाडलं, त्यानं दिले तेवढे पैसे न मोजता गल्ल्यात टाकले. मी नंतर विचारलं तर म्हणाले ह्याला भाव नसतो, आणि तो पुढच्या लग्नाला इथंच येतो. आता हे धंद्याचं गणित आहे की काय आहे मला कळलं नाही, पण ते चालतंय.

टिळकवाडीचा एकही माणूस आला नाही, हे पण नोंदवतो.

टिळकवाडी_८२
येतो बाबा. पार्किंगचं बघा आधी.

लेस्टरकर
भाचा, मग आठवड्यातले काहीच दिवस उघडायचं असं करता येईल का? इथं काही जुनी दुकानं तसं करतात. शनिवार, आणि लग्नसराईत रोज. बाकी दिवस वडगावच्या वहिनींसारख्यांचा माल फोटो काढून बाहेर पाठवायचा, दुकान गोदाम म्हणून. मामांना गल्ल्यावर बसायला मिळेल, गुडघ्यांना आराम.

रविवारपेठ
लेस्टरकर, कल्पना चांगली पण बाजारात दुकान बंद दिसलं की दोन आठवड्यात गावभर होतं, "त्यांचं बसलं." व्यापारी उधारी आवळतात. रोज उघडा, भले उशिरा उघडा. आणि हाताखाली एखादा पोरगा ठेवा, खेड्यातला, ज्याला पाहुण्यांची नाती कळतात. आत्याबाईंची साडी ओळखणारा. तो मिळाला तर दुकान चालेल, नाही मिळाला तर मोबाईलवाल्याचा नंबर जपून ठेवा.

वडगावची_वहिनी
मुलगीपण चालेल की काका. साडी कळायला पोरगाच कशाला पाहिजे?

रविवारपेठ
चालेल. उलट बरं.

खडेबाजारचा_भाचा
वहिनी, तुम्हाला निरोप केलाय. माल कसा देता, रोखीनं देणार मी, तीन महिन्यांनी नाही.

निपाणीची_सून
धागा भरकटलाच आहे तर विचारते, छत्री दुरुस्तीवाले बेळगावात हल्ली कुठं बसतात? निपाणीतला एकच होता, तो गेला. सासऱ्यांची जुनी लाकडी दांड्याची आहे, नवीन घ्यायला तयार नाहीत.

चंदगडी
पावसाच्या तोंडाला या, आत्ता नाही मिळायचे. मागच्या मिरगाला टिळक चौकाच्या अंगाला एकजण बसला होता. सकाळीच गाठा, दुपारी जेवायला गेला की परत येईलच असं नाही.